जुन्या पेडलमधून पाय सुटतो का?

नव्वदच्या दशकातली डाउनहिल सायकल मूळ रूपात उभी करायची, तर त्या काळची क्लिपलेस, म्हणजे बूट अडकवून ठेवणारी, पेडलं हवीतच. ‘लुक’ने १९८४ मध्ये रोड सायकलसाठी अशी पेडलं आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोनं त्यांच्यावर टूर द फ्रान्स जिंकली. १९९० मध्ये शिमानोची एसपीडी आली. तिची दोन बोल्टची छोटी क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, बुटाच्या तळव्यातल्या खाचेत बसे, त्यामुळे बूट घालून चालताही येऊ लागलं. पुढे डाउनहिल आणि बीएमएक्सच्या स्पर्धकांसाठी या यंत्रणेभोवती रुंद चौकट आली. वळणावर बाहेर काढलेला पाय परत ठेवताना क्लीट लगेच बसली नाही, तरी तो चौकटीवर टेकतो.

अशाच जोडीवर कॅलिफोर्नियातल्या एका खडकाळ उतारावर माझं मनगट मोडलं. वेग फारसा नव्हता. सायकल डावीकडे कलली, पाय सोडवायला मी टाच बाहेर वळवली. बूट वळला, क्लीट मात्र जागची हलली नाही. तिचा एक बोल्ट गळून पडला होता आणि उरलेल्या बोल्टभोवती बूट नुसताच फिरत होता. पडल्यावरही पाय सुटेना. शेवटी नाडी सोडून तो बुटातून ओढून काढला. पेडलात दोष नव्हता. जोडीसोबत आलेल्या जुन्या बोल्टांचे आटे झिजले होते.

म्हणून सांगतो, पेडल जुनं घ्या, पण क्लीट आणि बोल्ट नवेच घ्या, आणि ते त्याच यंत्रणेचे आहेत याची खात्री करा. बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरनं आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. स्प्रिंगचा ताण चारही बाजूंना सर्वांत कमी ठेवून सुरुवात करा. आस फिरवून पाहा. ती डुगडुगत किंवा वाकलेली असेल, तर ती जोडी शर्यतीला नको. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बीएमएक्सच्या जुन्या अखंड क्रँकला १/२ इंचाचे आटे असतात, बाकी बहुतेक क्रँकना ९/१६ इंचाचे. बसत नसेल, तर जोर लावू नका.

मग भिंतीला टेकून दोन्ही पाय अडकवा. पूर्ण वजन पेडलवर देऊन टाच वळवा आणि पाय सोडवा. विचार न करता पाय सुटू लागेपर्यंत हे गवतावर करत राहा. बीएमएक्सच्या गेटवर आठ जण खेटून उभे असतात. तिथे अडकलेला पाय शेजाऱ्यालाही पाडतो.

एवढं करूनही खात्री वाटत नसेल, तर सपाट पेडल लावा. सॅम हिलनं २००७ आणि २०१० ची डाउनहिल जागतिक विजेतेपदं सपाट पेडलवरच मिळवली. जुनी जोडी प्रदर्शनाच्या दिवशी पुन्हा चढवता येते. मोडलेलं मनगट जुळायला मात्र अख्खा मोसम जातो.