स्वभावाचा निवाडा

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे प्रत्यक्ष कोणालाच दिसत नाही. मनुष्य बोलतो, हसतो, रागावतो, गप्प बसतो; त्यावरून त्याच्या अंतःकरणाचा अदमास आपण बांधीत असतो. अदमास चुकला तर तो मनुष्य आपली बाजू मांडू शकतो. परंतु ज्यांना बाजू मांडता येत नाही, अशांच्या स्वभावाचा निवाडा करावयाचा झाला म्हणजे काय होते? असे मुके पक्षकार दोन प्रकारचे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेले प्राणी हा एक प्रकार. त्यांची हाडे तेवढी मागे राहिली. ग्रंथांतील पात्रे हा दुसरा. त्यांचे बोल आणि त्यांच्या कृती तेवढ्या मागे राहिल्या. एकाचा अभ्यास जीवाश्मशास्त्रज्ञ करतो, दुसऱ्याचा वाचक करतो, आणि दोघांच्याही हातून अन्याय होण्याचा संभव सारखाच असतो.

इ. स. १९२३ मध्ये न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयाची मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली मंगोलियातील गोबीच्या वाळवंटात काम करीत होती. तेथे तांबड्या वालुकाश्माचे कडे आहेत. उतरत्या उन्हात ते पेटल्यासारखे दिसतात, म्हणून मोहिमेतील लोक त्यांना 'जळते कडे' म्हणू लागले. त्या कड्यांत दगड झालेली, लांबट आकाराची अंडी एका घरट्यात मांडल्यासारखी सापडली. प्रोटोसेराटॉप्स नावाच्या, मेंढीएवढ्या डायनोसॉरचे सांगाडे त्या परिसरात विपुल मिळत होते. तेव्हा अंडी त्याचीच, असे सर्वांनी धरून चालले. आता नवल असे की, त्या अंड्यांच्या लगत वर दुसऱ्याच एका प्राण्याचा सांगाडा पडलेला होता. त्याला चोच होती, दात नव्हते, आणि त्याची कवटी अंड्यांपासून जेमतेम चार इंचांवर होती.

दुसऱ्याच्या घरट्यावर पडलेला प्राणी चोरावाचून दुसरा कोण असणार! संग्रहालयाचे प्रमुख हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनी १९२४ साली त्याचे नामकरण केले: 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडी हिसकावून घेणारा. मात्र त्याच लेखात त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला होता. हे नाव प्राण्याच्या आहाराविषयी आपली दिशाभूल करील आणि त्याच्या स्वभावाशी विसंगत ठरेल, असा संभव त्यांनी स्वतःच बोलून दाखविला. इशारा लेखात राहिला. नाव तेवढे जगभर गेले. पुढे कितीतरी पुस्तकांतून हा प्राणी अंडी पळवितानाच रंगविला गेला.

सत्तर वर्षे लोटली. १९९३ साली त्याच संग्रहालयाचे आणि मंगोलियाच्या विज्ञान अकादमीचे संशोधक गोबीतील उखा तोलगोद या ठिकाणी उत्खनन करीत असता त्यांना पूर्वीच्याच जातीचे एक अंडे मिळाले. त्याच्या फुटलेल्या कवचात गर्भाची नाजूक हाडे होती, आणि ती प्रोटोसेराटॉप्सची नसून ओव्हिरॅप्टरच्याच कुळातील प्राण्याची होती. तेथेच त्या कुळातील एका पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा सांगाडाही सापडला. त्याचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. खुडूक कोंबडी जशी अंड्यांवर बसते तसा तो घरट्यावर बसला होता. मागचे पाय अंगाखाली दुमडलेले, पुढचे दोन्ही हात अंड्यांच्या कडेने पसरलेले. बहुधा अंगावर वाळूचा लोट कोसळला तेव्हाही तो जागचा उठला नव्हता. या जातीला २००१ साली 'सिटिपाटी' असे नाव मिळाले. त्याचे मूळ संस्कृतात आहे: 'चिति' म्हणजे चिता आणि 'पति' म्हणजे स्वामी.

ज्याला अंड्यांचा चोर ठरविले तो अंड्यांचा धनी निघाला! तरीही ओव्हिरॅप्टरचे नाव बदललेले नाही. एकदा रीतसर दिलेले शास्त्रीय नाव केवळ अन्वर्थक नाही म्हणून रद्द करता येत नाही, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे.

असाच प्रकार 'डायनोकायरस' या प्राण्याविषयी घडला. १९६५ साली पोलंड आणि मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमेला केवळ त्याचे हात आणि खांद्याची हाडे सापडली. एकेक हात सुमारे २.४ मीटर लांब! १९७० मध्ये त्याला 'भयंकर हात' अशा अर्थाचे हे नाव मिळाले, आणि असल्या हातांचा प्राणी महाक्रूर शिकारीच असला पाहिजे असे अनेकांना वाटले. २०१४ साली उरलेल्या शरीराचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा बदकासारखे रुंद तोंड, पाठीवर उंचवटा आणि पोटात अन्न दळण्यासाठी गिळलेले हजारावर खडे असलेला, वनस्पती व मासे खाणारा एक अवजड प्राणी डोळ्यांसमोर उभा राहिला.

आता ग्रंथांकडे वळू. कैकेयी हे नाव उच्चारताच आपल्या मनात एक शिक्का उमटतो. घरे फोडणारी, मत्सरी, सावत्र आई! हा शिक्का बाजूस ठेवून वाल्मीकींचे अयोध्याकांड वाचावे. रामाच्या यौवराज्याभिषेकाची वार्ता घेऊन मंथरा येते, तेव्हा कैकेयी आनंदाने तिला अलंकार बक्षीस देते आणि राम व भरत यांच्यात मला भेद दिसत नाही, असे सांगते. रागाने अलंकार फेकून देते ती मंथरा. मत्सर मुळातच असता तर हे बक्षीस कोठून आले असते? पुढे मंथरा तिच्या मनात भय पेरते: उद्या कौसल्या राजमाता होईल, तू तिची दासी होशील, आणि भरताचे काय होईल ते सांगता येत नाही. भरत त्या वेळी आजोळी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. भरत दूर आहे तोवरच अभिषेक उरकावा असे दशरथाच्याही मनात होते. तसे तो रामाला बोलून दाखवितो. म्हणजे मंथरेच्या विषाला थोडी जमीन राजवाड्यातच तयार होती. माझ्या मते कैकेयीचे मन मत्सराने नव्हे, तर भयाने फिरले; आणि भयभीत मनुष्य मत्सरी मनुष्याहून अधिक निर्दय होऊ शकतो.

कारण निर्दयपणा तर घडलाच. दशरथ विनवण्या करीत असता ती द्रवली नाही, आणि रामाला नेसावयास वल्कले तिने स्वतः आणून दिली. हा पुरावा लपवून तिची बाजू घेणे हाही अन्यायच. भासाच्या 'प्रतिमा' नाटकात असे पूर्ण समर्थन आढळते. पुत्रवियोगाने मृत्यू येईल, असा दशरथाला ऋषीचा शाप होता. तो खरा व्हावयाचा म्हणून तिने वनवास मागितला, आणि चौदा दिवस म्हणावयाचे ते गोंधळात चौदा वर्षे म्हटले, असे तेथे ती सांगते. नाटककाराला ही मोकळीक आहे. परंतु ती भासाची कैकेयी होय. तिच्या साक्षीवरून वाल्मीकींच्या कैकेयीला सोडून देता येणार नाही.

ओव्हिरॅप्टरच्या बाबतीतही लोक असेच दुसऱ्या टोकाला गेले. कालचा चोर आज 'प्रेमळ माता' झाला. पण घरट्यावर बसलेला प्राणी मादीच होता कशावरून? अशा काही डायनोसॉरांत अंडी उबविण्याचे काम नर करीत असावेत, असे मत २००८ साली काही शास्त्रज्ञांनी हाडांच्या व घरट्यांच्या अभ्यासावरून मांडले आहे. १९२३ च्या सांगाड्यातच एका लहान सरड्याची हाडेही मिळाली आहेत. तेव्हा तो शाकाहारी साधू होता असेही कोणी समजू नये.

पात्रांच्या मनाचा शोध घेण्याला विसाव्या शतकात मानसशास्त्राचे साहाय्य मिळू लागले. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या खुनाचा सूड घेण्यास इतका विलंब का लावतो, याचे कारण त्याने बालपणी दडपलेल्या भावनांत आहे, असे फ्रॉइड यांनी १९०० साली सुचविले. (हे नाटक आगरकरांनी १८८३ मध्येच 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले होते. 'विकार' हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातला, हे मला मोठे मार्मिक वाटते.) अशा उपपत्तींनी वाचन खोल होते, यात शंका नाही. मात्र हॅम्लेटला नाटकाबाहेर बालपणच नाही! एल. सी. नाइट्स या इंग्रज टीकाकाराने १९३३ मध्ये 'लेडी मॅकबेथला मुले किती होती?' असा मथळा देऊन, पात्रांना खरी माणसे समजून त्यांच्या चरित्रातील रिकाम्या जागा भरीत बसणाऱ्यांची थट्टा केली होती. गोबीतील वाळूतून उद्या आणखी एक घरटे निघेल. अयोध्याकांडातून नवा श्लोक निघावयाचा नाही. वाचकाचा सगळा पुरावा पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे उघडा असतो. त्यातला कोणता आपण पाहिलाच नाही, एवढेच त्याला शोधावयाचे असते.

पुरावा पुढ्यात असून न दिसण्याचे एक उदाहरण आपल्या देशातील आहे. गुजरातेतील धोली डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना डायनोसॉरचे घरटे सापडले. त्यातील हाडे नुकत्याच जन्मलेल्या पिलाची, असे प्रथम मानले गेले. २००१ साली जेफ विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो दगड पाहिला आणि त्यातील काही मणके सापाचे असल्याचे ओळखले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप एका फुटक्या अंड्याभोवती वेटोळे घालून पडला होता, आणि शेजारी सुमारे अर्ध्या मीटरचे पिलू होते. २०१० मध्ये त्याला 'सनाजेह' हे संस्कृतावरून घडविलेले नाव मिळाले. ओव्हिरॅप्टरची कथा ठाऊक असलेल्या शास्त्रज्ञांनी या वेळी घाई केली नाही. अखंड अंडे गिळण्याइतका त्या सापाचा जबडा उघडत नव्हता. तेव्हा त्याचे लक्ष्य अंडी नसून पिले असावीत, असे त्यांनी ठरविले. साप योगायोगाने तेथे मेला नसेल कशावरून, हाही प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्याच जागी अंड्यांच्या सान्निध्यात पडलेले आणखी साप आढळले, तेव्हाच त्यांनी त्याला शिकारी म्हटले.

अभ्यास

१. ऑस्बॉर्न यांनी दिलेला इशारा लोकांच्या ध्यानात का राहिला नसावा?
२. कैकेयीच्या बाजूचा आणि तिच्याविरुद्धचा पुरावा पाठातून वेगवेगळा काढून लिहा.
३. 'खुडूक', 'अन्वर्थक', 'उपपत्ती' या शब्दांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या वाचनातील एखाद्या दुष्ट मानल्या गेलेल्या पात्राची मूळ कथा पुन्हा वाचा, आणि त्याच्याविषयी तुमचे मत कायम राहिले की बदलले ते कारणांसह लिहा.