अनिकेतला पत्र

सातारा

चि. अनिकेत,

काल ताईचा फोन आला. कॉलेजात तुझं मन लागत नाही, तू अग्निवीरचा फॉर्म भरणार म्हणतोस. ती रडत होती. तिची समजूत मी काढली. पण फोनवर तू नुसता ‘हो मामा’ म्हणतोस, म्हणून लिहितोय.

भरतीला निघालो तेव्हा मलाही पुढचं काही दिसत नव्हतं. दहावीला गणितात कसाबसा सुटलेलो, रानाला पाणी नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पोचलो, तर उस्तादांनी आधी बंदूक नाही, बिस्तर लावायला शिकवलं. चादरीवर एक सुरकुती दिसली की अख्खं बिस्तर जमिनीवर, पुन्हा पहिल्यापासून. फार राग यायचा. दीडेक महिन्यानं एका पहाटे शिट्टीच्या आधीच जाग आली. अंधारात बूट चाचपताना लक्षात आलं, आज दिवसभर काय करायचं हे मला ठाऊक आहे. गावी पारावर बसायचो तेव्हा ते कधीच ठाऊक नसायचं.

हे तुलाही मिळेल. पण मी २६ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. तुझी भरती चार वर्षांची. २०२२ च्या नियमाप्रमाणे शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधी मिळतो. पगारातले ३० टक्के त्यात कापतात, सरकार तेवढेच घालतं, शेवटी दहा लाखांच्या वर रक्कम हातात येते. पेन्शन नाही. ताईला हे नीट समजावून सांग.

म्हणून एकच मागणं आहे, वर्दीत असताना पुस्तक सोडू नकोस. मी सोडलं. खेळ संपल्यावर संध्याकाळी मिळणारा तास मी पत्त्यांत घालवला. मॅप रीडिंगला दोनदा नापास झालो आणि माझ्या मागून आलेली पोरं नायब सुभेदार झाली. त्यांना सलाम ठोकताना कमीपणा वाटला नाही. वाटलं ते त्या तासांचं वाईट. अग्निवीराला इग्नूची पदवी नोकरीत राहून करता येते, ट्रेनिंगसुद्धा तिच्यात धरलं जातं. तुझी बारावी सायन्सची आहे, तेव्हा टेक्निकलचाही विचार कर. गाडीचं इंजिन नाहीतर रेडिओ दुरुस्त करणारा हात चार वर्षांनी गावी आला तरी रिकामा राहत नाही.

आता आधी ऑनलाइन लेखी असते, मग मैदान. आपल्याकडची पोरं सहा महिने नुसती पळतात आणि लेखीतच जातात. तू रोज दोन तास गणिताला दे. पळायचं ते मातीवर; डांबरी रस्त्यानं नडग्या धरतात. बीमवर दहा पुल-अप्स निघायलाच हवेत. आणि ‘सेटिंग लावतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून सरळ उठून ये.

रविवारी पहाटे साडेपाचला मैदानावर ये. १६०० मीटरला मी घड्याळ लावतो. ताईलाही आण, तिनं तुला पळताना पाहिलेलं नाही.

तुझा,
मामा