पोरीला अकरावीला घालू की आयटीआयला?



दहावीचा निकाल लागला की बैठकीत हप्ते गोळा होण्याआधी हाच प्रश्न निघतो. आयटीआयला घातलं म्हणजे पोरीचं कॉलेज संपलं, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. ट्रेड नीट निवडला तर हाताला कामही लागतं आणि पुढचं शिक्षणही सुटत नाही. म्हणून या महिन्याचा पाठ हा.

१. ट्रेड किती वर्षांचा, ते आधी विचारा. शिवणकाम, कॉम्प्युटरचा कोपा, ब्यूटी पार्लरचं काम हे १ वर्षाचे. इलेक्ट्रिशियन, फिटर, सिव्हिल ड्राफ्ट्समन हे २ वर्षांचे. हे ट्रेड मुलीही घेऊ शकतात.

२. दहावीनंतर २ वर्षांचा ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगलाही तसाच.

३. बारावीचा कागद हवा असेल, तर आयटीआयचं शिक्षण धरून एनआयओएस या मुक्त विद्यालयातून उरलेले ठरावीक विषय देता येतात. सगळी बारावी पहिल्यापासून करावी लागत नाही.

४. आयटीआयनंतर कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते. काम शिकताना दर महिन्याला विद्यावेतन मिळतं.

आता माझीच चूक सांगते. एका ताईंनी मला विचारलं होतं. मी पटकन म्हणाले, "शिवणकामाला घाला, मुलीला बरं पडेल." वर्षाची गोष्ट मी विचारलीच नाही. पुढे त्या मुलीला डिप्लोमा करावासा वाटला, तर थेट दुसरं वर्ष मिळेना. पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, तर घरचे म्हणाले, "आता पुरे." शिवणकाम वाईट नाही. पण मुलीला काय हवंय, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला दहावीच्या मुलींनाही सोबत आणा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला असेल तर तोही एका पिशवीत ठेवा. फॉर्म ऑनलाइन असतो, आपण मिळून भरू. जवळच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड आहेत, ते दोघी-तिघींनी आधी जाऊन बघून या. फीसाठी गटातून कर्ज घ्यायचं असेल, तर तेही त्याच बैठकीत ठरवू.

आणि पहिला प्रश्न मुलीलाच विचारा, "तुला काय शिकायचंय?"

तुमची क्षेत्र समन्वयक