ज्वारीच्या पिठाचा धंदा करायचाय? आधी हे पाच प्रश्न विचारा

कर्ज काढून चक्की घेण्याआधी थोडं थांबा. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथल्या प्रत्येक शाखेचं संशोधन तुमच्या धंद्याचा एक वेगळा प्रश्न सोडवतं.

१. पीक पैदास: ज्वारी कोणती घ्यायची? लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये आला, इक्रिसॅटच्या सोबतीने.
२. अन्नतंत्र: पीठ खवट का होतं? दाण्याच्या अंकुरात तेल असतं, दळल्यावर त्याला हवा लागते. म्हणून थोडं दळा, लवकर विका.
३. कृषी अभियांत्रिकी: दाणा किती वाळवायचा, यंत्र केवढं घ्यायचं?
४. कृषी अर्थशास्त्र: किलोमागे खरा खर्च किती? वीज, घट, पिशवी, स्वतःची मजुरी, सगळं धरा.
५. कृषी विस्तार: नवीन माल लोकांच्या गळी कसा उतरवायचा?

यातला एकच प्रश्न सोडवून भागत नाही. वाण चांगला, पण पीठ खवट निघालं तर गिऱ्हाईक परत येत नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

आजचा गृहपाठ: वहीत पाचही प्रश्न तुमच्या मालासाठी लिहा आणि त्या-त्या विभागात जाऊन विचारा.