इंग्रजीचा वळसा कशाला गं?

तुझा रात्री दीडचा मेसेज मी सकाळी पोळ्या लाटताना वाचला आणि तव्यावरची पोळी करपली. 'ताई, मी स्पॅनिश सोडते.' बस्, एवढंच! दुपारी फोनवर कळलं की बी.ए.चं दुसरं वर्ष सुरू झालंय, सब्जंक्टिव्ह डोक्यावरून जातोय, साहित्याचा पेपर आलाय आणि वर्गातल्या मुली फाडफाड इंग्रजी झाडतात. बरं. आधी चहा टाक, मग पुढचं वाच.

खरं सांगू का, तू वहीचा फोटो पाठवलास तेव्हाच मला दुखणं कुठे आहे ते कळलं. तू मराठीत विचार करतेस, त्याचं इंग्रजी करतेस आणि त्या इंग्रजीचं स्पॅनिश. साताऱ्याहून कोल्हापूरला जायला कुणी आधी मुंबई गाठतं का? मी गाठायचे, पहिलं अख्खं वर्ष, म्हणून बोलते.

'मला आंबा आवडतो' हेच घे. 'मे गुस्ता एल मांगो.' 'मे' म्हणजे मला. आंबे जास्त झाले की 'गुस्तान', आपलं 'आवडतात' होतं तसंच. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, आपल्या मागे नाही. इंग्रजीतून येणाऱ्या मुली इथे 'यो गुस्तो' म्हणून बसतात. तुला हे आईनं भरवलेल्या घासाबरोबर मिळालंय गं.

आणि तो सब्जंक्टिव्ह. 'किएरो के बेंगास.' इंग्रजी बाजूला ठेव आणि म्हणून बघ: 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे.' 'तू येतेस' आणि 'तू यावंस' यांतला फरक तुला झोपेत विचारला तरी सांगशील. 'बिएनेस' आणि 'बेंगास' यांत तोच आहे. सगळीकडे हे बसत नाही हं. 'तू आलीस की जेवू' इथेही ते 'बेंगास'च म्हणतात, ते मुकाट्यानं पाठ कर. भूतकाळाचंही तसंच. 'हुगे' म्हणजे खेळले, 'हुगाबा' म्हणजे खेळायचे. एवढ्यासाठी मी रात्र जागून तक्ता रंगवला होता, चार रंगांत!

जिथे मराठी हात देत नाही तिथे मात्र सावध राहा. आपल्याकडे 'आहे' एकच, त्यांच्याकडे दोन: 'सेर' आणि 'एस्तार'. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, रविवारी हॉस्टेलवर कसं वाटतं? मला म्हणायचं होतं कंटाळा येतो, 'एस्तोय आबुरिदा'. मी ठणकावून म्हटलं, 'सोय आबुरिदा'. म्हणजे मी मुळातच कंटाळवाणी बाई आहे. त्या हसून म्हणाल्या, तशी वाटत नाहीस गं. त्यानंतर मी कधीच चुकले नाही, म्हणून चुकून घे.

आता तुझं 'लाथारियो दे तोर्मेस'. 1554 मधलं पुस्तक, लेखकाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पाच वर्षांत त्यावर इन्क्विझिशनची बंदीही आली. हे वाचून तू घाबरलीस, पण आत आहे कोण? सालामांकाजवळच्या तोर्मेस नदीवर जन्मलेलं एक उपाशी पोर. आईनं आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली केलेलं. म्हातारा दारूच्या गडव्याचं तोंड धरून बसतो, तर हा गडव्याच्या बुडाला बारीक भोक पाडतो, मेणानं बुजवतो आणि थंडीच्या निमित्तानं म्हाताऱ्याच्या पायांत शिरतो. शेकोटीनं मेण वितळलं की थेंब थेंब थेट तोंडात. म्हाताऱ्याला कळतं तेव्हा तो तोच गडवा पोराच्या तोंडावर आदळतो. द्राक्षांचं पान तर पहिलं वाच. एकेक खायचं ठरलेलं असतं. म्हातारा दोन-दोन उचलतो, पोरगा गुपचूप तीन-तीन. शेवटी म्हातारा म्हणतो, तू तीन खाल्लीस. कशावरून? मी दोन खात होतो आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस, त्यावरून! हे समजायला इंग्रजी कशाला हवं, सांग बरं?

शब्द जुने आहेत, मान्य. काळ्या मुखपृष्ठाची 'कातेद्रा' प्रकाशनाची प्रत लायब्ररीत मिळाली तर तीच घे, खाली भरपूर टिपा असतात. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नकोस. एक पान सलग वाच, अडलेल्याखाली पेन्सिल मार आणि मग रियाल आकादेमियाच्या कोशात बघ. तो नेटवर फुकट आहे. पोरगा सारखं 'बुएस्त्रा मेर्थेद' म्हणतो ना, तेच झिजून तुझं आदरार्थी 'उस्तेद' झालंय. म्हणून 'उस्तेद'ला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. आपण पाहुण्यालाच 'रावसाहेबांनी बसावं' म्हणतो, तसंच हे.

आईचं 'पुढे काय' वेगळं आहे, त्यावर मी तिच्याशी बोलेन. अनुवाद आहे, शिकवणं आहे, पुण्यातल्या कंपन्या आहेत. तू फक्त स्पॅनिशच्या देले परीक्षेची बी-वन पातळी मनात धर. ते प्रमाणपत्र कायमचं असतं, मुदत नसते.

शनिवारी फोन कर आणि द्राक्षांचं पान मला मोठ्यानं वाचून दाखव. 'र' अडखळला तर अडखळू दे. घाईत माझ्या तोंडून अजूनही 'पेर्रो'चं 'पेरो' होतं आणि कुत्र्याचा 'पण' होऊन बसतो.