कळंबोलीहून घारापुरी : एका दिवसाची सागरी सहल

घारापुरी आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं बेट. तरी कळंबोलीकराला सोयीची वाट मुंबईतूनच. आधी वार ठरवा. सोमवारी लेणी बंद, रविवारी हार्बरवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक. म्हणून मंगळवार ते शुक्रवार. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा हिवाळाच बरा.

कळंबोली स्टेशन दिवा मार्गावरचं, ते इथे उपयोगाचं नाही. रिक्षाने खांदेश्वर किंवा मानसरोवर गाठा, सकाळची सीएसएमटी लोकल पकडा आणि पुढे टॅक्सीने किंवा बेस्टने गेटवे. लाँचचं परतीसह तिकीट घ्या, ते संध्याकाळपर्यंत जपा. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते बेटावर काढायचं.

लाँचमध्ये बसताच लाइफ जॅकेट घाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि माणसं बुडाली. फोटो बिघडतो ही सबब चालायची नाही.

तासाभरात धक्का येतो. मिनी ट्रेन आहे, पण चालत गेलात तर दोन्ही बाजूंची खारफुटी दिसते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. खरेदी उतरताना करा आणि खाऊची पिशवी हातात मिरवू नका. माकडं टपलेलीच असतात.

सहाव्या शतकातलं मुख्य लेणं १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक जण सदाशिवाबरोबर सेल्फी काढून परत फिरतात. तुम्ही दारातच थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. डावीकडे योगेश्वर, उजवीकडे नटराज : एक निश्चल, दुसरा नाचणारा. मग सरळ सदाशिवापुढे जा. या अठरा-वीस फुटी मूर्तीला त्रिमूर्ती म्हणत असले तरी तिन्ही मुखं शिवाचीच. डावं उग्र, मिशांचं, उजवं सौम्य, कमळवालं, मधलं शांत. डाव्या अंगाला अर्धनारीश्वर, उजव्याला गंगाधर. शेवटी पश्चिमेकडे वळा. तिथे शिवपार्वतीचं लग्न आणि अंधकासुराचा वध समोरासमोर कोरलेत. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवा आणि तिच्या आधीची पकडा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो इथे शोधू नका. तो भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.