पाटी थोडी बाजूला ठेवा

मूल चार वर्षांचं झालं की घरात पाटी निघते. अंगणवाडीतून आलेल्या पोराचा हात धरून ‘ग’ गिरवून घेतला जातो, आणि शेजारच्या मुलीला सगळी बाराखडी पाठ आहे हे कळलं की आईच्या जिवाला घोर लागतो. लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीत काय आणि लोणावळ्यात काय, चित्र सारखंच. या काळजीमागची माया मला समजते, पण ती चुकीच्या जागी खर्च होते असं माझं मत आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वाचनासाठी घराकडून जे हवं असतं ते मुख्यतः कानावाटे मिळतं: गप्पा, गोष्टी, गाणी आणि मोठ्याने वाचून दाखवलेलं पुस्तक. अक्षरं शाळेत गेल्यावर शिकता येतात. पाच वर्षांत कानावर न पडलेले शब्द मात्र पहिलीच्या बाई एका वर्षात भरून काढू शकत नाहीत.

बोलणं मूल आपोआप उचलतं, वाचन तसं उचलत नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नसते. वस्तू आणि चेहरे ओळखणारा दृष्टीचा भाग आणि भाषा समजणारा भाग यांच्यात सरावाने वाट पाडावी लागते. लखनौजवळच्या साक्षर आणि निरक्षर माणसांच्या मेंदूची तपासणी करून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देवनागरी वाचता येणाऱ्यांचा दृष्टीचा भाग अक्षरांना जास्त जोमाने प्रतिसाद देत होता, आणि त्यापायी चेहरे ओळखण्याची ताकद काही घटलेली नव्हती. पण अक्षर ओळखणं म्हणजे वाचन नव्हे. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाचं गणित मांडलं, ते आजही मानलं जातं: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. हा गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. शाळा पहिल्या बाजूवर मेहनत घेते. दुसरी बाजू घरी तयार होते, नाहीतर होत नाही.

यावर हुशार पालक म्हणतील, दोन्ही घरीच केलं तर काय बिघडलं? कॅनडातल्या दोन संशोधिकांनी मुलांचा पाच वर्षं मागोवा घेऊन 2002 साली जे मांडलं त्यात याचं उत्तर आहे. ज्या घरांत पालक अक्षरं शिकवत, तिथल्या मुलांची अक्षरओळख पक्की होती आणि तिचा फायदा पहिलीत दिसला. ज्या घरांत गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवली जात, तिथल्या मुलांचा शब्दसाठा मोठा होता, आणि त्याचा संबंध तिसरीतल्या वाचनाशी लागला. ती घरं सुखवस्तू होती आणि अशा अभ्यासातून कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी तिसरीपासून मूल धडे समजून घेण्यासाठी वाचायला लागतं आणि शब्दांची तूट तिथेच उघडी पडते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला 26 अक्षरं. आपल्याकडे 34 व्यंजनांची 12 रूपं धरली तरी चारशेच्या वर चिन्हं होतात, जोडाक्षरं वेगळीच. शिवाय ‘किती’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, तोंडातून नंतर निघते. ‘गर्दी’तला र उच्चारात ‘दी’च्या आधी येतो आणि कागदावर तिच्या डोक्यावर बसतो. ‘बुरूज’ हा शब्द पहिलीतलं मूल बु… रू… ज असा एकेक अक्षर पूर्ण म्हणत फोडतं. शेवटच्या ज मधला अ आपण गिळतो, ते गिळत नाही. या तीन तुकड्यांतून ‘बुरूज’ जुळायला तो शब्द आधीच ओळखीचा असावा लागतो. लोहगडाच्या पायथ्याच्या मुलाने तो शंभरदा ऐकलेला असतो, म्हणून त्याला तो चटकन सापडतो. ‘जहाज’ किंवा ‘दीपगृह’ यांचं काय? ते त्याला गोष्टीतूनच भेटणार. एवढी मोठी लिपी क्रमाने, थोडी थोडी शिकवावी लागते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मोजकी अक्षरं आणि मोजक्या मात्रा घेऊन लगेच शब्द वाचायला देण्याची पद्धत रुजवली. घरी घाईने पाठ करून घेतलेल्या बाराखडीत नेमका हा शब्दांचा भाग सुटतो. तालावर ‘क का कि की’ म्हणणारं मूल सुटा ‘कू’ दाखवला की पहिल्यापासून मोजत येतं.

“शाळेत काही शिकवत नाहीत, म्हणून तर आम्ही पाटी काढतो,” हा आक्षेप मी हलका मानत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 2024 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी 23.4 टक्केच निघाली. 2022 मध्ये तर 16.3 टक्के होती. शाळेला जाब विचारा, जरूर विचारा. मुलाने आपणहून अक्षर विचारलं तर सांगाही. घरी करायचंच तर आवाजांचा खेळ करा. गाण्याच्या भेंड्या हा त्याचा उत्तम नमुना, कारण शब्दाचा शेवटचा आवाज सुटा करून त्यावरून नवा शब्द शोधायचा, हीच तर वाचनाची पूर्वतयारी. चार वर्षांच्या मुलासाठी भेंड्यांत गाणी नकोत, नुसते शब्द पुरेत.

दुसरा आक्षेप वेळेचा. गडावर गर्दी होते ती शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात. मुलाला सुट्टी असते तेव्हाच पर्यटकांसाठी आईच्या चुलीवर पिठलं आणि हातात भाकरी. जुलै 2025 मध्ये लोहगडाचं नाव युनेस्कोच्या वारसा यादीत आलं, तेव्हा ही धावपळ काही कमी होणारी नाही. म्हणून वेगळा तास काढा असं मी सांगत नाही. भाकरी थापताना ‘पीठ कुठून आलं, पाणी जास्त झालं तर काय होईल’ असं विचारत राहा. उत्तर एका शब्दात आलं तर त्याचं वाक्य करून परत द्या. दारावरच्या ‘घरगुती जेवण मिळेल’ या पाटीवर बोट ठेवून वाचा. रात्री 10 मिनिटं एक पुस्तक, हवं तर तेच ते. मुलं तीच गोष्ट पुन्हा मागतात आणि मोठी माणसं कंटाळतात. कंटाळा गिळा, पुनरावृत्तीतच शब्द पक्के होतात. वाचताना मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ यासाठी छान आहे.

आई-वडिलांना स्वतःला वाचता येत नसेल तर? चित्रं पाहून गोष्ट रचा, आजीला धरणाच्या पाण्यात गेलेल्या वाडीची हकिगत सांगू द्या, ठाकर किंवा कातकरी घरात घरच्या बोलीत सांगा. त्या बोलीने मराठी बिघडत नाही. इंग्रजी माध्यमात घातलंय म्हणून घरी मोडक्या इंग्रजीत बोलणंही बंद करा. ज्या भाषेत तुम्ही मोकळे आहात तीच भरपूर द्या, कारण शब्दांमागची समज एका भाषेतून दुसरीत सोबत जाते. मोबाइलवरची गोष्ट मुलाला एकट्याला पाहायला दिली तर तिचा उपयोग फार थोडा. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगते आहे.

आता आरोग्याची, म्हणजे माझ्या खात्यातली बाब. मूल वाचत नाही म्हणून त्याला आळशी ठरवण्याआधी कान आणि डोळे तपासा. सर्दीने कानात पाणी साठलेलं मूल ‘ट’ आणि ‘त’ सारखेच ऐकू शकतं आणि दुखत नसल्याने तक्रार करत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. लोह कमी असलेलं मूल पाठासमोर मलूल बसतं. सहाव्या वर्षी ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होणं स्वाभाविक आहे. पण दुसरी संपताना साधे शब्दही जुळत नसतील आणि घरात आणखी कुणाला असाच त्रास असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तो बुद्धीचा दोष नाही, आणि चष्म्याने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने तो जातही नाही. त्याला खास पद्धतीचं शिकवणं लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तपासणी मोफत असते. पथक कधी येणार हे बाईंना आजच विचारून ठेवा, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि त्याच्या ऐकण्या-बोलण्याबद्दल मनात शंका असेल तर ती तिथल्या डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगा.